प्रभातच्या वाटेवर दोघे

व्यापारी कुटुंबातील पती-पत्नी दिवसभरात एकमेकांशी पुष्कळ बोलतात. परंतु ते बोलणे बहुधा कोणाची उधारी आली, कोणाची राहिली, मुलांची फी भरली की नाही, सासूबाईंचे औषध आणले की नाही, एवढ्याच परिघात फिरत असते. दुकान आणि एकत्र कुटुंब या दोन चाकांवर संसाराचा गाडा चालतो खरा, पण त्या धावपळीत केवळ दोघांसाठी राखून ठेवलेली संध्याकाळ क्वचितच वाट्याला येते. आजच्या तरुण जोडप्यांनी ही उणीव ओळखली आहे. महिन्यातून एखाद्या शनिवारी दोघांनीच बाहेर पडावे, एखादा चित्रपट पाहावा, ही प्रथा आता आपल्या घरांतूनही रुजू लागली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. अडचण येते ती निवडीची.

आमच्या सूनबाईंनी एकदा सौ.ला विचारले, “आई, आम्ही दोघांनी मिळून पाहावा असा एखादा चांगला चित्रपट सांगा ना.” सौ.ने उत्तरादाखल प्रश्नच केला, “चांगला म्हणजे कसा हवा?” या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. अश्लीलता नको, मारामारी नको, व्यसनांचा गौरव नको, अशी नकारांची यादी कोणीही देईल. पण केवळ खडे वेचून टाकले म्हणजे भात शिजत नाही. दोन माणसांनी आयुष्यातील अडीच-तीन तास एखाद्या कलाकृतीला द्यायचे, तर तिच्यात काय नसावे याबरोबरच काय असावे, याचाही विचार झाला पाहिजे.

या वर्षी हळदीचा हंगाम आटोपला, सौदे थंडावले आणि चातुर्मासाला अजून अवकाश होता. तेव्हा आम्ही उभयतांनी एक निराळी यात्रा योजिली. कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत असे चित्रपट ज्या माणसांनी निर्माण केले, त्यांची कर्मभूमी आपल्या सांगलीपासून फार दूर नाही. कोल्हापूर, पुणे आणि परतीच्या वाटेवर आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर असा तीन मुक्कामांचा मार्ग आखून आम्ही निघालो.

कोल्हापूर : कॅमेरा घडविणारे गाव

कोल्हापूर आपणां जैन बांधवांना परके नाही. शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठात भगवान आदिनाथांच्या २८ फूट उंच मूर्तीचे दर्शन घेऊनच आम्ही पुढील कामाला लागलो. गुजरीतील सराफांची दुकाने, गुळाची बाजारपेठ, रंकाळ्याचा काठ हे सारे ओळखीचे. मात्र याच गावाने मराठी चित्रपटाला जन्म दिला, ही गोष्ट आपण सौदा करताना सहसा आठवत नाही.

बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार व रंगभूमीचे पडदे रंगविणारे कलावंत. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा आणि विलायती कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता. आनंदराव आणि बाबूराव या बंधूंनी तो येथेच घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदरावांचे अकाली निधन झाले, तरी बाबूरावांनी शिष्यांच्या साह्याने काम तडीस नेले. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याची स्मृती जपणारे स्मारक आहे. रहदारीच्या गजबजाटात क्षणभर थांबून आम्ही ते पाहिले. विशीतील एक तरुण दुचाकी थांबवून म्हणाला, “काका, इथे काय बघायचंय?” त्याला सांगितले तेव्हा तोही दोन मिनिटे उभा राहिला.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पडद्यावर आला. पुण्यात तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पण याच चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वठले होते की, तत्कालीन परिनिरीक्षकांनी त्याला कात्री लावली. म्हणजे पडद्यावरील हिंसा किती दाखवावी हा वाद आजचा नव्हे. शंभर वर्षांपूर्वी, कोल्हापूरच्या पहिल्याच चित्रपटाबरोबर तो जन्माला आला.

आपल्या परंपरेत कृत, कारित आणि अनुमोदित असे कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मनोमन दिलेली संमती. चित्रपट निवडताना यातील तिसरा शब्द मला फार उपयोगी वाटतो. पडद्यावर हिंसा आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ती पाहताना आपण टाळी वाजवतो की आपले काळीज हलते, हे पाहावे. एका चित्रपटात माणूस माणसाला मारतो आणि प्रेक्षागृह जल्लोष करते. दुसऱ्यात एकच थप्पड बसते आणि सारे प्रेक्षक गप्प होतात. दोन्हींना एकाच यादीत टाकणे योग्य नव्हे.

बाबूरावांचा आणखी एक मूकपट आम्हां व्यापाऱ्यांना विचारात पाडणारा आहे. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची कथा आहे, आणि त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनी केली होती. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या देवघेवीचा व्यवसाय चालला, त्या घरांना ही कथा बोचणारच. सौ. म्हणाली, “बोचली तर बोचू दे. गोड तेवढंच चांगलं असं थोडंच आहे? मेथीही आपण खातोच की.”

शांताराम राजाराम वणकुद्रे हे याच कोल्हापूरचे. त्यांचे वडील जैन होते, ही गोष्ट आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक असते. १९२९ साली शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी बाबूरावांची कंपनी सोडून ‘प्रभात’ची स्थापना केली. हे चौघे कलावंत. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ होते. एका व्यापाऱ्याने चार कारागिरांवर विश्वास टाकला नसता, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

१९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ याच गावी तयार झाला. दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडणारा हरिश्चंद्र आणि त्याच्या शब्दाचे ओझे समान वाटून घेणारी तारामती, ही कथा आपल्याला तोंडपाठ असते. दुर्गाबाई खोट्यांची तारामती पाहिल्यावर ती नव्याने कळते. शब्द पाळण्याची कीर्ती हरिश्चंद्राला मिळाली, किंमत मात्र दोघांनी मोजली. व्यापाऱ्याच्या घरातही असेच होत असते. पेढीची पत मालकाच्या नावाने ओळखली जाते आणि अडचणीच्या वर्षी पाटल्या उतरवून देणारी व्यक्ती माजघरात असते. नव्या चित्रपटांत हीच गोष्ट पाहायची असेल, तर परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तरुण जोडप्यांनी अवश्य पाहावा. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या पहिल्या चित्रपटामागे सरस्वतीबाईंचा हात किती मोठा होता, हे तो हसत-खेळत सांगतो.

पुणे : प्रभातनगरीतील एक संध्याकाळ

१९३३ साली प्रभात कंपनी पुण्यास आली. आज ज्या जागी चित्रपटाचे शिक्षण देणारी शासकीय संस्था आहे, तोच प्रभातचा स्टुडिओ. कंपनी बंद पडल्यानंतर १९६० साली ती संस्था तेथे सुरू झाली. जवळच्या रस्त्याला आजही प्रभात रस्ता म्हणतात. पूर्वपरवानगी काढून आम्ही आवारात गेलो. प्रभातच्या काळातील चित्रीकरणाचे भव्य दालन अजून वापरात आहे, आणि ज्या आंब्याला विद्यार्थी ‘विज्डम ट्री’ म्हणतात, त्याच्या सावलीत काही मुले वाद घालीत बसली होती. भाषा निरनिराळ्या, प्रांत निरनिराळे. विषय मात्र एकच दिसला, काय दाखवावे आणि कसे दाखवावे.

प्रभातने पुण्यात आल्यावर काढलेला पहिला चित्रपट म्हणजे १९३४ सालचा ‘अमृतमंथन’. देवीपुढे होणारे नरबळी आणि पशुबळी बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू यांचा हा संघर्ष. अहिंसेचा पुरस्कार करणारा चित्रपट आपल्या मातीत नव्वद वर्षांपूर्वी निघाला आणि तो लोकांनी उचलून धरला, याचे समाधान वाटल्याशिवाय राहत नाही. १९३६ चा ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्यात विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितका थोर, तितकीच गौरीबाईंची जिजाई खरी. नवरा विठ्ठलात रमलेला आणि घरात दाणा नाही. तरी तिचे चिडणे, तिची माया, डोंगरावर त्याच्यासाठी भाकरी घेऊन जाणे, हे सारे पाहिले की, संतचरित्रसुद्धा संसाराचा चित्रपट होऊ शकते, हे ध्यानी येते. पती-पत्नींनी एकत्र पाहावा अशा चित्रपटांत मी याला पहिल्या ओळीत बसवीन.

स्टुडिओला लागूनच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पी. के. नायर यांनी देशभर हिंडून जुनी रिळे गोळा केली. आपल्या देशातील बहुतेक मूकपट कायमचे नष्ट झाले आहेत. जे थोडे उरले, ते अशा माणसांमुळे. आजोबांच्या काळातील रोजमेळ आणि खतावण्या जपून ठेवणाऱ्या घराला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

पुण्यात आमचा मुक्काम भाच्याकडे होता. जूनचे दिवस, सूर्यास्त सातनंतरचा. त्यामुळे जेवण वेळेत आटोपून रात्री घरीच चित्रपट पाहण्याचे ठरले. आमच्या घरी एक रीत आहे. एकदा निवड माझी, एकदा सौ.ची, आणि ज्याची निवड नसेल त्याने मध्येच उठायचे नाही. त्या दिवशी पाळी सौ.ची होती. भाचा एखादा विनोदी चित्रपट सुचवीत होता. सौ.ने ‘कुंकू’ निवडला.

१९३७ सालचा हा शांतारामांचा चित्रपट ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते आणि ती त्याला पती मानण्यास साफ नकार देते. शांता आपट्यांनी ती भूमिका केली आहे. केशवराव दात्यांनी काकासाहेब उभे केले आहेत. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, एवढ्यावरच दृश्ये पेलली आहेत. विशेष हे की, चित्रपट त्या वृद्धाला राक्षस करीत नाही. आपण काय केले हे त्याला हळूहळू उमगत जाते, आणि ते उमगणेच शेवटी त्याला असह्य होते.

चित्रपट संपला. भाच्याने दिवा लावला आणि तो झोपायला गेला. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, आमच्या निपाणीच्या आत्या तुम्हांला माहीत आहेत ना?” मला त्या माहीत होत्या. शांत स्वभावाच्या, हिशेबाला चोख, पतीच्या माघारी दुकान सांभाळलेल्या बाई, अशी त्यांची ख्याती. सौ. सांगू लागली. लग्नाच्या वेळी आत्या सतरा वर्षांच्या, नवरदेव पंचेचाळिशीचे बिजवर. घराणे मोठे म्हणून मुलीला कोणी विचारले नाही. दहा वर्षांत वैधव्य आले. लहानपणी दिवाळीला आत्या माहेरी आल्या की, सौ. त्यांच्याजवळ झोपत असे; एका रात्री त्यांनी आपल्या भाचीला एवढेच म्हटले होते, “तुला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.”

“सगळे म्हणत, आत्या किती शांत. मला नेहमी वाटायचं, त्या शांत नाहीत, गप्प आहेत,” सौ. म्हणाली.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली. ही गोष्ट मी त्या रात्री प्रथम ऐकली. मला पाहायला आमच्याकडची मंडळी गेली, तेव्हा सौ.ने दोन दिवसांचा अवधी मागून घेतला होता. आमच्या घरात त्याची अनेक वर्षे थट्टा होत असे. त्या दोन दिवसांचा अर्थ मला पुण्यात, एका जुन्या कृष्णधवल चित्रपटानंतर कळला.

स्वतंत्रपूर : भिंती नसलेले कारागृह

पुण्याहून परतताना वाट थोडी वाकडी करून आम्ही माणदेशात उतरलो. पाऊस अजून झाला नव्हता. दोन्ही बाजूंना उजाड माळ आणि मधूनच ठिबकावर जगविलेल्या डाळिंबाच्या बागा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९ साली येथे एक धाडसी प्रयोग केला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तटबंदीवाचून, विश्वासावर, शेती करीत ठेवायचे. कैद्याला येथे कुटुंबासह राहता येते. आम्हांला आत जाण्याचे प्रयोजन नव्हते आणि कोणाच्या दुःखाचे प्रदर्शन पाहावे, हेही बरे नव्हे. रस्त्याच्या कडेलाच थांबलो. शेते दिसत होती. कोठे एखादी बाई वाळत घातलेले कपडे काढीत होती. उंच भिंत कोठेही नव्हती.

याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ची कल्पना निघाली आणि माणदेशचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी तिची कथा लिहिली. शांतारामांच्या या १९५७ सालच्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनच्या महोत्सवातही सन्मान झाला. सहा खुनी कैद्यांना केवळ विश्वासाच्या बळावर माणसे बनवू पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही गोष्ट. त्या अधिकाऱ्याचे नाव आदिनाथ आहे. ज्या भगवान आदिनाथांना आपली परंपरा कृषीचे आद्य प्रवर्तक मानते, त्यांचे नाव धारण करणारा हा माणूस कैद्यांना नांगर धरायला शिकवितो. हा योगायोग की जाणीवपूर्वक केलेली योजना, ते ज्याचे त्याने ठरवावे.

या चित्रपटातही व्यापाऱ्याला एक आरसा आहे. कैदी पिकविलेली भाजी रास्त भावाने बाजारात आणतात, तेव्हा तेथील व्यापाऱ्याचा धंदा बसतो आणि तो त्यांच्यावर गुंड घालतो. मारहाण झाली तरी हात न उचलण्याचा शब्द कैदी पाळतात. परतीच्या प्रवासात विट्यापर्यंत आमची चर्चा यावरच चालली होती. भाव पाडणारा नवा दुकानदार आपल्या गल्लीत आला, तर आपण काय करतो? सौ.ने प्रश्न विचारला आणि आमच्या पेठेतील दोन ताजी उदाहरणेही दिली. मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला.

निवडीविषयी थोडे

या तीन मुक्कामांतून जे हाती लागले, ते तरुण जोडप्यांसाठी सांगतो.

चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरील ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ ही अक्षरे आणि आता ‘यूए’पुढे येणारे सात, तेरा, सोळा हे आकडे अवश्य पाहावेत, पण तो चित्रपट कोणत्या वयाला चालेल, एवढेच ते सांगतात. दोघांच्या मनाला तो मानवेल काय, हे सांगत नाहीत. त्यासाठी आधी पाहिलेल्या, आपल्या आवडीच्या माणसाला विचारावे. विचारताना ‘कसा आहे?’ असे न विचारता ‘पाहिल्यावर घरी काय बोललात?’ असे विचारावे. काहीच बोललो नाही, असे उत्तर आले, तर तिकिटाचे पैसे जपून ठेवावेत.

वेळ निवडतानाही विचार हवा. ज्यांना सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे, त्यांना सायंकाळचा सहाचा खेळ थंडीत हमखास अडचणीचा ठरतो. दुपारचा लवकरचा खेळ घ्यावा, बाहेर पडून निवांत जेवावे आणि मग चालत घरी यावे. बोलायला रस्ता लागतो. चातुर्मासात, पर्युषण व दशलक्षण पर्वात ही करमणूक बाजूला ठेवणाऱ्यांनी तेवढी संध्याकाळ मात्र सोडू नये. चित्रपटाविना दोघांनी बसावे, तेही पुष्कळ आहे.

निवडीचा अधिकार आळीपाळीने असावा. ज्या घरात नेहमी एकच जण चित्रपट निवडतो, त्या घरात दुसऱ्याच्या मनातील गोष्ट बाहेर यायला वाटच राहत नाही. एखादा चित्रपट मध्येच अनुचित वाटला, तर दोघांनी मिळून उठावे, त्यात संकोच नसावा. परंतु तो केवळ अवघड आहे, बोचरा आहे, म्हणून उठू नये.

प्रवासाहून परतल्यावर पुढच्या रविवारी आम्ही निपाणीला जाऊन आलो. आत्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही. दोन तास बसलो. निघताना त्यांनी सौ.चा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

सात्त्विक चित्रपट म्हणजे ज्यात काही वाईट घडत नाही तो नव्हे. जो पाहिल्यावर शेजारी बसलेले माणूस आपल्याला थोडे अधिक कळते, तो सात्त्विक. असा एक चित्रपट वर्षात दोघांना लाभला, तरी त्या वर्षाच्या जमेच्या बाजूला एक मोठी रक्कम लिहायला हरकत नाही.